किनाऱ्यावरील पाखरांची नोंदवही

ज्या वाङ्मयाला कर्ता नाही, प्रस्तावना नाही आणि ज्याचे परीक्षण कोणी करीत नाही, अशा एका वाङ्मयाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. गोव्यापासून वेंगुर्ले-मालवणपर्यंत आणि तेथून वर अलिबाग-उरणपर्यंत दर हिवाळ्यात काही माणसे पहाटे उठतात, खाडीच्या काठी किंवा पुळणीवर जाऊन उभी राहतात आणि कागदावर ओळी लिहितात. प्रत्येक ओळीत एका पाखराचे नाव आणि त्यापुढे एक आकडा. वर तारीख, वेळ आणि जागा. ह्या कामाबद्दल त्यांना कोणी वेतन देत नाही. घरची मंडळी बहुधा हसतातच. आशियाई पाणपक्षी गणना ह्या नावाने १९८७ पासून दर जानेवारीत चालत आलेले हे काम आता इतके विस्तारले आहे की, ह्या किनाऱ्याविषयी आजवर जे काही लिहिले गेले त्यांत आकाराने सर्वांत मोठा ग्रंथ कोणता, असे कोणी विचारल्यास ह्या याद्यांकडेच बोट दाखवावे लागेल.

ह्याला वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न वाचक करतील. देवस्थानांच्या जुन्या कीर्दी आणि खतावण्या ज्यांनी चाळल्या असतील ते तो करणार नाहीत. नंदादीपाला तेल किती, नैवेद्याला तांदूळ किती, अमक्या खंडाची वसुली कमी का आली, हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात वाङ्मय नव्हते. परंतु पुढे दुष्काळ, महागाई आणि गावाचा उतारचढाव ह्यांचा शोध घेणाऱ्याला पोथ्यांहून ह्याच वह्या अधिक उपयोगी पडल्या. कारण पोथी लिहिणारा जे उल्लेखनीय ते लिहितो. कीर्द लिहिणारा जे घडले ते लिहितो. ज्या दिवशी काहीच विशेष घडले नाही, त्या दिवसाचीही ओळ त्याला लिहावीच लागते.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्याने ह्या भेदाचे आम्हांस थोडे अधिक अगत्य वाटते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ३४ वे कलम होते. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते. मात्र केवळ तेवढ्यावर कोणाच्या माथी देणे बसविता येत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले. पाखरांची यादी ही काही हिशेबाची वही नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ‘नियमितपणे’ ह्या शब्दात जे शहाणपण आहे, ते दोन्हींना सारखेच लागू पडते. ह्याच कसोटीवर आज आम्ही हे नोंदीचे वाङ्मय घासून पाहणार आहोत.

आरंभ वेंगुर्ल्यापासून करावा. बंदरासमोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ किंवा ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हणतात. तेथे दीपगृह आहे, सुरय पक्ष्यांची वीण आहे आणि खडकाच्या पोटातील काळोख्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. (आपल्याकडे पाकोळी हा शब्द ह्या पाखराला लावतात, फुलपाखरालाही लावतात आणि काही ठिकाणी लहान वटवाघळालाही लावतात. शास्त्रज्ञांना हा घोळ वाटेल. जे अंधुक उजेडात भिरभिरते ते सगळे पाकोळी, ही दृष्टी आम्हांस तरी अगदीच वावगी वाटत नाही.) ही पाकोळी गुहेच्या अंधारात स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढते, आणि आपल्या लाळेत पिसे व काडीकचरा कालवून भिंतीला वाटीएवढे घरटे चिकटविते. पूर्वेकडील देशांत अशा घरट्यांचे सार करून पितात, आणि तेथेच तिचे दुर्दैव सुरू होते.

ह्या खडकांवर १८७५ साली अॅलन ह्यूम येऊन गेला. तोच पुढे १८८५ त राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम. पक्षिशास्त्रासाठी त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे स्वतःचे नियतकालिक चालविले होते, आणि किनाऱ्यावरील त्या सफरीचा वृत्तांत त्यातच प्रसिद्ध झाला. त्या काळी पाहणे आणि गोळी घालणे ह्या दोन क्रिया वेगळ्या मानीत नसत. ह्यूमने ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास नमुने होते. त्याचे लेखन चोख आहे, दृष्टी तीक्ष्ण आहे. परंतु तो जिथे जातो तिथून काहीतरी घेऊन येतो. ही वही शिकाऱ्याची.

पाऊणशतकाच्या आतबाहेर हुमायून अब्दुलअली ह्यांनी त्याच खडकांवरील पाकोळ्या आणि सुरय ह्यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात एक टिपण लिहिले, ते १९४० साली. नंतर १९४२ साली त्यांनी त्याच विषयावर पुन्हा लिहिले. समीक्षकाच्या दृष्टीने आम्ही अधिक किंमत देतो ती ह्या दुसऱ्या टिपणाला. एकदा जाऊन लिहिले ते प्रवासवर्णन. पुन्हा लिहिले की पहिले लेखन पुरावा होते, कारण आता तुलनेला काहीतरी मिळाले. अब्दुलअली स्वतः बंदूक बाळगणारे होते, हेही विसरू नये. ‘मुंबई वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायदा, १९५१’ घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. बंदुकीतून वहीकडे आणि वहीतून कायद्याकडे असा हा एका माणसाचा प्रवास आहे. अमेरिकेतही साधारण असेच घडले. नाताळात दिसेल ते पाखरू टिपण्याची पैज तेथे लागत असे. तिच्या जागी फ्रँक चॅपमन ह्यांनी १९०० सालच्या नाताळात पाखरे मोजण्याचा पर्याय मांडला. पहिल्या वर्षी सत्तावीस माणसे आली. ती गणना आजही चालू आहे.

तिसरी वही राखणदाराची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ह्या शतकाच्या आरंभी वेंगुर्ल्याच्या गुहेतील घरट्यांची चोरी उजेडात आणली, वनखात्याला बरोबर घेतले आणि पुढे त्या जागेवर लक्ष ठेवले. त्याच सुमारास किनाऱ्यावरील पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी मोजीत ही मंडळी फिरत होती. फिरता फिरता वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली आणि त्यातून २००२ पासून कासव-संरक्षणाचे ते काम उभे राहिले, ज्याला आज अवघा महाराष्ट्र ओळखतो. गरुड मोजावयास गेलेल्यांना कासव सापडले, ह्याला आम्ही केवळ योगायोग म्हणणार नाही. जो नियमाने पाहावयास जातो त्याच्या डोळ्यांना न शोधलेलेही दिसू लागते. उत्सवापुरते देवळात येणाऱ्याला गाभाऱ्यातील समई दिसते. रोज येणाऱ्याला छताची गळती दिसते.

येथवर कौतुक झाले. आता दोष सांगितले पाहिजेत, आणि ते सांगताना आम्ही स्वतःला वगळणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावची माणसे आमच्याकडे आली. गावच्या खाजनाला लागून जो चिखलपट्टा भरती-ओहोटीत उघडा पडतो, तेथे धक्का बांधण्याचा एका कंपनीचा विचार होता. गावकऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे राहिलो. आमच्या हाती पुरावा काय होता? शहरातून दर रविवारी येणाऱ्या पक्षीप्रेमी तरुणांनी काढलेली नव्वद-शंभर छायाचित्रे, आणि तीही एकाहून एक देखणी. दुर्मिळ पाहुण्या पक्ष्याचे एक चित्र तर आम्ही मोठे करून घेतले होते. समोरच्या वकिलांनी ते निरखून पाहिले, प्रशंसाही केली, आणि तीन प्रश्न विचारले. हा पक्षी किती वेळा पाहावयास गेलात आणि दिसला नाही? ज्या दिवशी हा दिसला त्या दिवशी भरती किती वाजता होती आणि इतर पाखरे किती होती? आणि शेजारच्या, जेथे धक्का होणार नाही अशा पट्ट्यावर कोणी मोजणी केली आहे काय? तिन्ही प्रश्नांना आमच्याजवळ उत्तर नव्हते. छायाचित्र एवढेच सांगत होते की, एके दिवशी एक पाखरू येथे होते. ते तर कावळ्याविषयीही सांगता आले असते. त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते विधी महाविद्यालयात शिकलो नव्हतो.

कायद्याची मेख येथे कशी बसते ते थोडे उलगडले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ ह्या शब्दाची व्याख्या उदार केली आहे. पक्ष्याची अंडी फोडणे आणि अंड्यांना वा घरट्याला त्रास देणे हेदेखील तीत येते. वेंगुर्ल्याच्या पाकोळीला हे कवच नेमके बसते. त्याचप्रमाणे किनारपट्टीसंबंधी ज्या अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ साली निघाल्या, त्यांतील शेवटच्या दोहोंत पक्ष्यांच्या विणीच्या जागा अतिसंवेदनशील म्हणून स्पष्ट नोंदल्या आहेत. म्हणजे कायद्याला घरटे कळते. परंतु आपल्या खाडीत हिवाळा काढणारे चिखल्ये आणि तुतवार येथे घरटे बांधीतच नाहीत. चिखल्यांची एक जात तिबेट-लडाखच्या उंच पठारावर वीण करते. बाकदार चोचीची एक तुतारी सैबेरियाच्या उत्तर टोकाहून येते. ही पाखरे येथे येतात ती ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातील किडे-कृमी खाऊन चरबी साठविण्यासाठी आणि भरतीच्या वेळी कोरड्या वाळूवर दाटीवाटीने विसावण्यासाठी. मार्च-एप्रिलात परतीचे उड्डाण करावयाचे, ते ह्या चरबीच्या बळावर. विसाव्याच्या जागेवरून कोणी गाडी फिरवून किंवा कुत्री सोडून थवा दहादा उठविला, तर घरटे मोडत नाही, अंडे फुटत नाही. फुटते ते वाटखर्चाचे गाठोडे. व्याख्येत ‘हाकणे’ हा शब्द आहे खरा, परंतु तो रानात हाका घालून सावज काढण्याच्या संदर्भातला. पुळणीवर मजेखातर गाडी फिरविणाऱ्याला त्यात बसविणे म्हणजे न्यायाधीशांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणे होय.

मग ह्या पाहुण्यांना कायद्याचा आधार कोठे? आहे, पण एका विशेषणाच्या टोकावर. त्याच अधिसूचनांत ‘जीवसृष्टीने सक्रिय’ असलेले चिखलपट्टे अतिसंवेदनशील ठरविले आहेत. चिखल सक्रिय आहे हे चिखल स्वतः सांगत नाही. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तो पडीक दिसतो, गाळ दिसतो. त्याच्या पोटात काय आहे हे पाखरांना ठाऊक असते, आणि पाखरे किती आली, किती वेळ थांबली, गेल्या वर्षी किती होती, हे ज्याने लिहून ठेवले त्यालाच ते सिद्ध करता येते. म्हणून ती वही. हौस म्हणून लिहिलेल्या त्या ओळी उद्या ह्या विशेषणाचा अर्थ ठरवू शकतात.

आता ह्या वह्यांतून जे मोठे अहवाल तयार झाले त्यांकडे वळू. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रथम २०२० साली आणि नंतर अधिक विस्ताराने २०२३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर तो आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. परंतु दीर्घकालीन चढउतार सांगण्याइतका पुरावा केवळ ३३८ जातींविषयी मिळाला, हे ग्रंथकर्त्यांनी पहिल्यानेच सांगून टाकले आहे. त्या ३३८ पैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि ३६ वाढल्या. किनाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट अशी की, उत्तर ध्रुवाकडे वीण करून आपल्याकडे हिवाळ्याला येणाऱ्या काठावरच्या पाखरांत ही घट ऐंशी टक्क्यांच्या घरात गेलेली दिसते.

टीकाकार म्हणून आम्हांस ह्या अहवालात सर्वांत आवडली ती त्याची ‘सांगता येत नाही’ म्हणण्याची तयारी. आपल्याकडे निसर्गाविषयी बोलणारा बहुधा ऋषीच्या आसनावरूनच बोलतो. येथे सहाशेंहून अधिक जातींपुढे लेखकांनी मुकाट्याने प्रश्नचिन्ह टाकले आहे. हा संयम आला कोठून? यादी भरून घेताना विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नातून. ‘तुम्हांस ओळखता आलेली सगळी पाखरे तुम्ही ह्या यादीत लिहिली आहेत काय?’ ह्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणाऱ्याची यादी पूर्ण यादी समजली जाते. यादी पूर्ण असेल तर तीत जे नाव नाही, ते पाखरू त्या वेळी तेथे दिसले नाही, असा निष्कर्ष काढता येतो. म्हणजे न लिहिलेला शब्दही साक्ष देऊ लागतो. समोरच्या वकिलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्या एका ओळीत होते, आणि आम्हांस ते ठाऊक नव्हते.

उणीवही मोठी आहे. ज्या कोळ्याच्या होडीतून निरीक्षक खाडीत गेला, ज्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहिला, त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत ह्यातील किती पोचले? करमळीच्या तळ्याकाठी, चोडणच्या कांदळवनात, कुडचड्याच्या नंदा तळ्यापाशी मोजणी होते. त्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले आणि तो मान मिळविणारे ते गोव्यातील पहिले स्थळ ठरले. आकडे इंग्रजीत वर जातात, परदेशी कोठारात जमा होतात, आलेखाच्या रूपाने इंग्रजीतच परत येतात. गावाच्या हाती कागद राहत नाही. देवस्थानचा ताळेबंद महाजनांसमोर वाचला जातो, तसा गावच्या तळ्याचा ताळेबंद गावकऱ्यांसमोर वाचला गेल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

आणि नावांचे काय? आमच्या मराठी यादीत ‘चिखल्या’ ह्या एकाच नावाखाली पाचसहा जाती दाटीने बसतात. कोंकणीत सुकणें म्हटले की पाखरू आणि पिसोळें म्हटले की फुलपाखरू, एवढ्यावर नागरी माणसाची गाडी थांबते. परंतु रापण ओढणाऱ्यांना विचारा. सुरय कोठे घिरट्या घालतात त्यावरून तारल्यांचा थवा कोठे आहे, हे ते सांगतात. त्यांना भेद कळतात म्हणूनच त्यांच्याजवळ नावेही आहेत. मारुती चितमपल्ली ह्यांनी विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवून तेथील वनवासी आणि ढीवर मंडळींच्या तोंडची नावे मराठीत आणली, पक्षीकोश रचला. २०२५ साली ते निवर्तले. आमच्या किनाऱ्याला तसा माणूस अद्याप लाभलेला नाही, आणि रापण ओढणारे हात दर वर्षी कमी होत आहेत.

मराठी ललित वाङ्मयाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. ते काहींना रुचणार नाहीत. आमच्या ललितलेखकाचे पाखरू बहुधा एकटे असते, संध्याकाळी येते आणि लेखकाच्या मनःस्थितीला अनुसरून गाते. सुगरणीचेच उदाहरण घ्या. आम्ही तिला सुगरण म्हटले, बहिणाबाईंनी तिच्या खोप्याला अमर केले, पिढ्यान् पिढ्या मुलींना तिचा दाखला दिला. आणि खोपा विणतो तो नर! सालिम अली ह्यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम गावी महिनोन् महिने एका वसाहतीसमोर बसून जे पाहिले ते असे : नर अर्धा खोपा विणून थांबतो, माद्या येऊन तपासणी करतात, एखादीने पसंत केला की तो पुरा होतो, आणि मग ते महाशय दुसऱ्या खोप्याला आणि दुसऱ्या मादीसाठी हात घालतात. ह्याने बहिणाबाईंच्या कवितेचे मोल तिळभरही उणे होत नाही. ती कविता पाखराविषयी नाहीच, माणसाच्या दोन हातांविषयी आहे. परंतु पाखराविषयी म्हणून जे गद्य लिहिले जाते, त्याने तरी झाडाखाली बसावे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आम्हांस म्हणूनच वेगळे वाटते. तेथे महिन्यांचा क्रम आहे आणि त्या त्या महिन्यात काय फुलले ह्याची जबाबदारी लेखिकेने घेतलेली आहे. त्या पुस्तकाला नोंदवहीचा कणा आहे. म्हणून त्यातील सौंदर्य वाऱ्यावर उडत नाही.

फुलपाखरांकडे आम्ही उशिरा आलो, आणि नोंदीच्या वाङ्मयातही त्यांना असेच उशिरा स्थान मिळाले आहे. इंग्लंडात १९७६ पासून फुलपाखरांची मोजणी एका साध्या रीतीने चालते. तिला पोलार्ड ह्या शास्त्रज्ञाचे नाव आहे. एक वाट ठरवावयाची, त्याच वाटेने त्याच संथ गतीने दर आठवड्याला चालावयाचे, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरांत जी दिसतील तेवढीच मोजावयाची. लांब उडणाऱ्या सुंदर फुलपाखरामागे धावावयाचे नाही. ही रीत वाचताना आम्हांस प्रदक्षिणेची आठवण झाली, ती वाचकांनाही होईल. आपल्याकडे २०२० पासून सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदीसाठी ठेवण्याचा प्रघात पडला आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य-फुलपाखराचा मान दिला, मराठीत आता त्याला नीलवंत म्हणतात. मान दिला की काम झाले, ही आपली जुनी समजूत येथे लागू न पडो.

देवळाच्या परिसराशी ज्यांचा संबंध आहे त्यांच्या हाती ह्या बाबतीत एक आयतेच साधन आहे, आणि ते त्यांनी ओळखलेले नाही. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतात; त्या रुईच्या पानांवर तांबूस पंखांच्या, काळ्या-पांढऱ्या कडेच्या ‘प्लेन टायगर’ फुलपाखराच्या अळ्या वाढतात. महादेवाच्या बेलावर, तसेच लिंबावर आणि कढीलिंबावर, लिंबाच्या फुलपाखराची पिढी पोसली जाते. कण्हेरीच्या पानाखाली लोंबणारा चांदीसारखा चकाकणारा कोष पाहून मुले थबकतात. तो ‘कॉमन क्रो’ ह्या काळ्या फुलपाखराचा. पुळणीवरच्या खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर निळ्या ठिपक्यांच्या वाघफुलपाखरांचे नर दाटी करतात, कारण विणीसाठी त्यांना त्या झाडातील एक कडू द्रव्य लागते. ह्याच कुळातली फुलपाखरे पावसाळ्याच्या तोंडावर घाट ओलांडून पूर्वेला जातात आणि पावसाळा सरल्यावर परततात. एका देवळाच्या आवारात बेलाची पाने कुरतडलेली दिसली म्हणून औषध फवारलेले आम्ही पाहिले. फवारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. अखंड त्रिदळ पाहिजे होते. परंतु त्या श्रावणात त्या आवारात फुलपाखरू फिरकले नाही, हे लिहून ठेवणारा कोणी असता, तर पुढच्या वर्षी एखादे झाड तरी फवाऱ्यातून वगळता आले असते.

स्वयंसेवकांच्या एका दुर्गुणाबद्दल मात्र आम्ही मऊ शब्द वापरणार नाही. दुर्मिळाचा हव्यास हा तो दुर्गुण. अमक्या पुळणीवर कधी न दिसणारा कुरव आला असे कळताच दुसऱ्या दिवशी तेथे वीस कॅमेरे जमतात आणि भरतीला विसावलेला थवा त्या एका पाखरापायी पाच वेळा उठविला जातो. संरक्षणाला आलेल्यांनीच वाटखर्चाला हात घालावा, ह्यास काय म्हणावे? अशांच्या याद्याही ओळखू येतात. त्यात शिखरे असतात, पायथा नसतो. कावळा, घार, साधा बगळा गाळलेले असतात. त्यांच्या मानाने आम्हांस एका निवृत्त शाळामास्तरांची वही श्रेष्ठ वाटते. ते आपल्या गावच्या मानशीजवळ दर पंधरवड्याला एक तास बसतात आणि तेरा-चौदा नेहमीची पाखरे लिहितात. त्यांना दुर्मिळ काही दिसत नाही. दिसले तरी ओळखू येईल की नाही, अशी त्यांनाच शंका असते, आणि ती शंका ते वहीत लिहून ठेवतात.

असो. ज्या खाडीच्या कामात आमची फजिती झाली ते प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. त्या सुनावणीनंतर गावातील तिघांनी, त्यांत एक पदवीधर मुलगी आहे, वही घातली. धक्क्याच्या जागी एक आणि शेजारच्या पट्ट्यावर एक, अशा दोन जागा त्यांनी ठरविल्या. भरतीची वेळ त्या पंचांगातून घेतात. नावे निम्मी मराठीत, निम्मी कोंकणीत आहेत. दोन जातींचा उल्लेख ‘बारीक चिखल्या’ आणि ‘जाड चोचीचा बारीक चिखल्या’ असा आहे. दोन हिवाळ्यांच्या नोंदी झाल्या आहेत. काही पानांवर नुसती शून्ये आहेत. ती गाळून स्वच्छ प्रत करून द्यावी काय, असे त्या मुलीने आम्हांस विचारले. आम्ही तीच वही, डागांसकट, दाखल केली. गेल्या तारखेस समोरच्या वकिलांनी तिची नक्कल मागितली आहे.